डब्लिनचा रस्ता आणि ज्यूरीची बाके

आयर्लंड म्हटले की आपल्या मराठी मनात पार्नेल, डी व्हॅलेरा, शिन फेन ही नावे एकदम उभी राहतात. आपल्या मागच्या पिढ्यांनी त्या देशाचा इतिहास वाचला तो स्वराज्याचा धडा म्हणून वाचला, आणि त्यात काही गैर नव्हते. पण त्या वाचनात एक माणूस नजरेतून निसटला. डब्लिनच्या गोदीतला हमाल, ट्रामगाडीवरचा कंडक्टर, एका खोलीत पाचसहा पोरे घेऊन संसार करणारी त्याची बायको, ही माणसे त्यात कोठे दिसत नाहीत. इंग्रज गेला, ध्वज बदलला, तरी हा माणूस अधूनमधून रस्त्यावर उतरतच राहिला. आणि तो उतरला की मागोमाग कायदाही रस्त्यावर येई. या दोघांच्या गाठीभेटींची हकीगत आज मला सांगावयाची आहे. काळ शंभर वर्षांचा आहे आणि तो सगळा एका व्याख्यानात मावणारा नाही. तेव्हा मी एकच धागा धरणार आहे. रस्त्यावरच्या माणसावर खटला भरला गेला तेव्हा त्याचा न्याय करावयास कोण बसले होते, एवढेच आपण पाहू.

प्रारंभ १९१३ पासून करावयास हवा. त्या साली डब्लिन हे युरोपातील अत्यंत दरिद्री शहरांपैकी एक होते. अठराव्या शतकात उमराव मंडळींनी बांधलेले उंच, प्रशस्त वाडे पुढे मालकांनी सोडले आणि त्यांच्या एकेका दालनात एकेक बिऱ्हाड शिरले. वीस हजारांहून अधिक कुटुंबे एका खोलीत राहत होती, असे तेव्हाच्या सरकारी चौकशीतच नमूद झाले आहे. छताला नक्षीकाम, आणि खाली जमिनीवर गवताच्या गाद्या! मुंबईच्या चाळीत ज्याचे बालपण गेले त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की आपल्या चाळी मुळात मजुरांसाठी बांधल्या होत्या.

या शहरात जेम्स लार्किन नावाचा एक धिप्पाड, गडगडत्या आवाजाचा माणूस आला. जन्म लिव्हरपूलचा, आईबाप आयरिश, स्वतः गोदीत राबलेला. त्याने अकुशल मजुरांची, म्हणजे ज्यांना कोणी संघटनेच्या लायकीचे समजत नव्हते त्यांची, संघटना उभारली. समोर उभे होते विल्यम मार्टिन मर्फी: ट्राम कंपनीचे धनी, एका मोठ्या वृत्तपत्राचे मालक, एका बड्या हॉटेलचेही मालक. मर्फींनी ठरविले की आपल्या नोकरीत लार्किनचा एकही माणूस नको. २६ ऑगस्ट १९१३ रोजी, शहरात घोड्यांच्या प्रदर्शनाची गर्दी असताना, सकाळी दहाच्या सुमारास ट्रामवाल्यांनी गाड्या जेथल्या तेथे उभ्या केल्या आणि ते खाली उतरले.

येथे कायदा प्रवेश करतो. लार्किनने ३१ ऑगस्टच्या रविवारी शहराच्या मुख्य रस्त्यावर सभा जाहीर केली होती. दंडाधिकाऱ्याने सभेवर बंदी घातली. बंदीचा जाहीरनामा लार्किनने भर सभेत पेटवून दिला. आता या दंडाधिकारी महाशयांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे: ट्राम कंपनीचे भाग त्यांच्या स्वतःच्या नावावर होते! कायदा निःपक्षपाती असतो असे आपण मुलांना शिकवितो. डब्लिनच्या मुलांना त्या आठवड्यात निराळा पाठ मिळाला. रविवारी पोलीस लार्किनची वाट पाहत उभे राहिले. तो आला, पण खोटी दाढी लावून आणि काउंट मार्केव्हिच यांचा लांब कोट अंगात घालून आला. आणि उभा राहिला कोठे, तर खुद्द मर्फींच्या हॉटेलच्या सज्जात! चार वाक्ये बोलतो न बोलतो तोच त्याला पकडले. खाली रस्त्यावर पोलिसांनी दंडुके चालविले. त्यात सभेला आलेले होते, तसे चर्चमधून घरी निघालेलेही होते. चारशेंहून अधिक लोक जखमी झाले. आदल्या रात्रीच्या मारहाणीत डोके फुटलेला जेम्स नोलन नावाचा कामगार त्याच रविवारी मरण पावला, आणि पाठोपाठ जॉन बर्न हाही गेला. सरकारने पुढे चौकशी आयोग नेमला. आयोगाने पोलिसांना निर्दोष ठरविले. असे आयोग कोणत्या देशात होत नाहीत?

त्यानंतर सुमारे चारशे मालकांनी एकजुटीने टाळेबंदी पुकारली. लार्किनच्या संघटनेशी संबंध ठेवणार नाही असे लिहून द्या, नाहीतर चालते व्हा, असा खाक्या. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. सरकारनेच पाठविलेल्या सर जॉर्ज ॲस्क्विथ यांच्या चौकशी मंडळाने असा कागद लिहून मागणे हे व्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे असा अभिप्राय दिला. मालकांनी तो बाजूस सारला. ऑक्टोबरच्या अखेरीस लार्किनवर राजद्रोही भाषणाचा खटला चालला. ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि सात महिन्यांची कैद झाली.

ही ज्यूरी कोणाची होती? त्या काळच्या कायद्याप्रमाणे ठराविक किंमतीची, कर भरणारी मिळकत ज्याच्या नावावर असेल तोच पुरुष ज्यूरीत बसू शके. एका खोलीतल्या त्या वीस हजार कुटुंबांतून एकही माणूस त्या बाकावर चढणे शक्य नव्हते, आणि बायकांचा तर प्रश्नच नव्हता. आरोपी ज्या लोकांपुढे बोलला ते लोक एकीकडे, आणि त्याच्या बोलण्याचा न्याय करणारे दुसरीकडे.

मराठी श्रोत्यांना येथे १९०८ चा जुलै आठवल्यावाचून राहणार नाही. लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात नऊ जणांची खास ज्यूरी बसली होती: सात युरोपियन आणि दोन हिंदी. सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. आरोप तोच, रचना तीच. ज्यूरीची बाके कशी भरावयाची हे एकदा ठरले, की निकालाचा अर्धा मजकूर लिहून झालेला असतो.

लार्किनला सात महिने मात्र काढावे लागले नाहीत. इंग्लंडातील कामगार खवळले, नोव्हेंबरात रेडिंगची पोटनिवडणूक सत्ताधारी लिबरल पक्षाने गमावली, आणि अवघ्या दोनअडीच आठवड्यांत सरकारने त्याला सोडून दिले. न्यायालयाने दिलेली शिक्षा मतपेटीने कमी केली असे म्हणावयास हरकत नाही. टाळेबंदी मात्र कामगारांनी हरली. १९१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उपासमारीने वाकलेले लोक मिळेल त्या अटींवर कामावर परतले. (ओघात सांगतो: पुढे आपल्या देशाचे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी त्याच १९१३ साली कायदा शिकण्यासाठी डब्लिनला पोहोचले होते. मजूर चळवळीतला त्यांचा जन्म कोठला, हे शोधावयास फार लांब जावे लागत नाही.)

लार्किनचा सहकारी जेम्स कॉनली याने १९१६ च्या उठावात भाग घेतला आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ती कथा आपणांस ठाऊक आहे. मला सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे. १९१२ साली कॉनली आणि लार्किन यांच्याच पुढाकाराने कामगार संघटनांच्या परिषदेत मजूर पक्षाचा पाया घातला गेला होता. या पक्षाने १९१८ ची निर्णायक निवडणूक लढविलीच नाही. राष्ट्राच्या प्रश्नाला वाट करून देण्यासाठी तो बाजूला उभा राहिला. एकदा बाजूला उभा राहिलेला माणूस पुन्हा रांगेच्या पुढे येणे कठीण असते. स्वतंत्र आयर्लंडचे राजकारण यादवी युद्धातून निघालेल्या दोन पक्षांत वाटले गेले, आणि गरीब माणूस कधी या पक्षाला तर कधी त्या पक्षाला मत देत राहिला. त्याच्या असंतोषाला स्वतःचे घर मिळाले नाही. लार्किन १९२७ मध्ये डॉलवर, म्हणजे तेथल्या लोकसभेवर, निवडून आला. पण तो दिवाळखोर ठरलेला असल्याने त्याला जागेवर बसता आले नाही! १९५७ साली जॅक मर्फी नावाचा एक बेकार सुतार बेकारांच्या समितीतर्फे डब्लिनमधून निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याने वैतागून राजीनामा दिला, आणि पुढे तो कॅनडाला निघून गेला. त्या दशकात सुमारे चार लाख माणसे त्या छोट्याशा देशातून बाहेर पडली. असंतोष बोटीत बसून परदेशी जात होता. रस्ते शांत राहण्याचे हेही एक कारण. (मर्फी हे आडनाव तिकडे आपल्या पाटील-जाधवांसारखे पसरलेले आहे. आणखी एक मर्फी पुढे यावयाचे आहेत. घोटाळा होऊ देऊ नये.)

आणि ज्यूरी? इंग्रज गेले तरी ज्यूरीची बाके जागची हलली नाहीत. स्वराज्याच्या सरकारने १९२७ साली स्वतःचा कायदा केला. त्यात मिळकतीची अट कायम ठेवली, आणि स्त्रियांना ‘सूट’ दिली. ज्या बाईला ज्यूरीत बसावयाचे असेल तिने अर्ज करावा. सूट हा शब्द मोठा गोड आहे. परिणाम असा झाला की पुढील अर्धशतक आयर्लंडमधील जवळजवळ प्रत्येक ज्यूरी मिळकतदार पुरुषांची राहिली.

ही बाके हलविली ती रस्त्यावरच्याच एका बाईने. हा प्रसंग आयर्लंडच्या इतिहासग्रंथांत कायद्याच्या प्रकरणात येतो, चळवळीच्या प्रकरणात येत नाही; माझ्या मते तेथे इतिहासकारांचे चुकते. मॉरीन डी बुर्का ही डाव्या शिन फेनची कार्यकर्ती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डब्लिनमध्ये घरांची टंचाई भीषण झाली होती. एकीकडे रिकाम्या इमारती, दुसरीकडे बेघर कुटुंबे. काही कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबांना रिकाम्या इमारतींत नेऊन बसविले. या चळवळीत ती होती. स्वभाव गप्प बसण्याचा नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन डब्लिनला आले तेव्हा त्यांच्या मोटारीवर अंडे भिरकाविणारी ती हीच. १९७१ मध्ये सरकारने रिकाम्या जागांत घुसून बसणे हा गुन्हा ठरविणारे विधेयक आणले. त्याविरुद्ध डॉलच्या दारात निदर्शने झाली, आणि मॉरीन डी बुर्का व मेरी अँडरसन या दोघींना पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले.

साधा खटला होता. दंड भरून घरी जाता आले असते. पण या दोघींनी ज्यूरीपुढे खटला मागितला आणि मग विचारले: आमच्याबरोबरीचे लोक म्हणजे कोण? आम्ही स्त्रिया, आमच्या नावावर घर नाही. आणि आमचा न्याय करणार घरमालक पुरुष! हा प्रश्न घेऊन त्या वरच्या न्यायालयांत गेल्या. त्यांच्या वकिलांत मेरी रॉबिन्सन नावाची एक तरुण बॅरिस्टर होती. तीच पुढे १९९० मध्ये आयर्लंडची पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष झाली. उच्च न्यायालयात त्या हरल्या. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: मिळकतीची अट घटनाविरोधी, आणि स्त्रियांना वगळण्याची पद्धतही घटनाविरोधी. १९७६ साली नवा कायदा झाला. तेव्हापासून मतदारयादीत ज्याचे नाव आहे त्या कोणाही सामान्य नागरिकाला ज्यूरीचे बोलावणे येऊ शकते; मग तो बंगल्यात राहो की नगरपालिकेच्या घरात.

ज्या विधेयकाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या होत्या त्याचा कायदा झालाच. घरांची टंचाई आजही हटलेली नाही. आयर्लंडमधील कडव्या डाव्यांनी रस्त्यावर जे मागितले त्यातले फारच थोडे त्यांना मिळाले. मात्र ज्याची घोषणा त्यांनी मोर्च्यात कधी दिली नव्हती ती ज्यूरीची बाके त्यांच्यापैकी दोघींनी उघडून दिली.

सरकारलाही यातून एक गोष्ट उमगली असावी. ज्यूरी टाळून काम होत असेल तर टाळावी. रस्त्यावरच्या चळवळीला बांधून घालण्याचा ज्यूरीवाचूनचा मार्ग म्हणजे दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम. हुकूम मोडला की तो न्यायालयाचा अवमान, आणि अवमानाचा निर्णय न्यायाधीश एकटाच करतो. १९९० च्या दशकात डब्लिनच्या पाणीपट्टीविरुद्ध गल्लोगल्ली समित्या झाल्या. लोकांनी पैसे भरले नाहीत आणि सरकारने पट्टी मागे घेतली. त्याच चळवळीतून समाजवादी पक्षाचे जो हिगिन्स १९९७ मध्ये डॉलवर गेले. पुढे कचरा उचलण्याची पट्टी आली. हिगिन्स व त्यांचे सोबती कचऱ्याच्या गाड्यांपुढे उभे राहिले. २००३ च्या सप्टेंबरात मनाई हुकूम मोडल्याबद्दल हिगिन्स आणि नगरसेविका क्लेअर डेली यांना महिनाभराची कैद झाली. ज्यूरीपुढे बाजू मांडण्याची वेळच आली नाही. ती चळवळ हरली. पट्टी न भरणाऱ्याचा कचरा उचलावयाचा नाही असे ठरल्यावर दारातला ढीगच माणसाला शरण आणतो. पाण्याचे तसे नव्हते.

आता आपण २००८ च्या आर्थिक कोसळणीपाशी येतो. घरबांधणीच्या फुगवट्यावर आयर्लंडच्या बँकांनी अफाट कर्जे वाटली होती. फुगवटा फुटला तेव्हा सप्टेंबर २००८ च्या अखेरीस सरकारने एका रात्रीत बँकांची हमी घेतली. बँका वाचविण्यास एकूण सुमारे ६४ अब्ज युरो लागले. तेव्हाची लोकसंख्या सेहेचाळीस लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलांसकट दर माणशी सुमारे चौदा हजार युरो! २०१० च्या अखेरीस सरकारला बाहेरून कर्ज काढावे लागले आणि त्या कर्जाच्या अटींबरोबर काटकसर आली. पगार कापले, भत्ते कापले, बेकारी पंधरा टक्क्यांपर्यंत गेली, तरुण पुन्हा ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या वाटेला लागले. २०११ च्या निवडणुकीत लोकांनी चिडून मजूर पक्षाला ३७ जागा दिल्या. इतक्या त्याला कधीच मिळाल्या नव्हत्या. तो पक्ष फिनगेल या उजव्या पक्षाबरोबर सत्तेत बसला आणि तीच काटकसर राबवू लागला. ज्याला काटकसर अडवावयास पाठविले त्यानेच तिची यादी वाचून दाखवावी, यासारखा घाव दुसरा नाही.

एवढे सारे होऊनही आयरिश माणूस बराच काळ शांत राहिला. ग्रीसमध्ये आगी लागत होत्या तेव्हा डब्लिनमध्ये लोक निमूट बिले भरत होते. मग ‘आयरिश वॉटर’ नावाची कंपनी निघाली आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून पाण्याचे मीटर फिरू लागले. त्या देशात पाऊस एवढा, की पाण्याचे मोल वेगळे द्यावयाचे ही कल्पनाच लोकांना पटेना. पाण्याचे पैसे आम्ही करांतून देतोच, असे त्यांचे म्हणणे. शिवाय शुद्ध केलेले जवळजवळ निम्मे पाणी जुन्या नळांतून गळून जात होते. कागदावर पाहिले तर ही पट्टी आधीच्या कपातींपुढे किरकोळ होती. परंतु राग बेरजेचा असतो. शेवटचा आकडा लहान असला तरी खाली रेघ तेथेच ओढली जाते. ११ ऑक्टोबर रोजी डब्लिनमध्ये हजारोंचा लोंढा रस्त्यावर आला, आणि त्याच दिवशी डब्लिनच्या नैर्ऋत्य भागातील पोटनिवडणुकीचा निकाल लागून समाजवादी पॉल मर्फी निवडून आले. हेच ते दुसरे मर्फी.

या मतदारसंघात टाला नावाचे मोठे उपनगर आहे, आणि टालाच्या कडेला जॉब्सटाउन. १९७० नंतर डब्लिनच्या मध्यवस्तीतील पडक्या वाड्यांतून गरिबांना उठवून या उपनगरांत घरे देण्यात आली. घरे मिळाली, काम, बसगाड्या, शाळा मागून येणार होत्या. १९१३ च्या त्या खोल्यांतील कित्येक कुटुंबांचे नातूपणतू येथे राहतात, हे ध्यानात असू द्यावे.

१५ नोव्हेंबर २०१४, शनिवार. जोन बर्टन या उपपंतप्रधान आणि मजूर पक्षाच्या नेत्या जॉब्सटाउनमध्ये आल्या होत्या, तेथल्या एका लोकशिक्षण केंद्राच्या पदवीदान समारंभासाठी. बर्टनबाई काही महालात वाढलेल्या नव्हत्या. डब्लिनच्या कष्टकरी वस्तीतच त्यांचे बालपण गेले. आणि पक्ष कोणाचा, तर कॉनली-लार्किन यांचा! समारंभ संपवून त्या निघाल्या तेव्हा लोकांनी मोटारीभोवती कडे केले. काही जण पुढे जमिनीवर बसले. घोषणा झाल्या, शिव्याही झाल्या. पाण्याने भरलेला फुगा येऊन बाईंना लागला, अंडी फेकली गेली. बाई आणि त्यांची सहायिका मोटारीत अडकून पडल्या. पोलिसांनी त्यांना दुसऱ्या गाडीत हलविले. तीही अडविली गेली. दोनतीन तास हा प्रकार चालला. पॉल मर्फी तेथे हजर होते. बाईंना सोडावयाचे की आणखी अडवून धरावयाचे, असे त्यांनी कर्ण्यावरून जमावाला विचारले.

आपण याला घेराव म्हणतो. घेराव घालणाऱ्याला तो उत्सव वाटतो. आत बसलेल्याला घड्याळ दिसते. बर्टनबाईंच्या भीतीची थट्टा करणाऱ्यांत मी बसणार नाही. त्या दिवशी जे झाले त्यातले काही अशोभनीय होते, आणि पदवी घेण्यास आलेल्या त्या वस्तीतल्याच बायकांच्या आनंदावरही त्याने पाणी पडले. एरवी अशा गोंधळानंतर काय होते? चारदोन जणांना दंड होतो, वर्तमानपत्रे आठवडाभर रागावतात.

येथे तसे झाले नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत, घटनेला जवळजवळ तीन महिने लोटल्यावर, पोलीस पहाटे दारे ठोठावू लागले. पॉल मर्फींना सकाळी सातच्या सुमारास घरातून नेले. समन्स पाठविले असते तर लोकप्रतिनिधी चालत ठाण्यात आले असते. पाठोपाठ वीसेक जणांना उचलले. त्यांत शाळकरी वयाची मुलेही होती. त्याच महिन्यात मीटर बसविण्यास अडथळा केल्याबद्दल पाच जणांना न्यायालयाच्या अवमानाची कैद झाली. कागदपत्रांतील दोष निघाल्याने तुरुंगात असलेल्यांना मार्चमध्ये सोडावे लागले, ही गोष्ट वेगळी. आणि जॉब्सटाउनच्या आरोपींवर कलम लावले ते अन्यायाने कोंडून ठेवल्याचे. आपल्या दंडसंहितेत या गुन्ह्याला साधारणपणे एक वर्षापर्यंत कैद आहे. आयर्लंडच्या १९९७ च्या कायद्यात कमाल शिक्षा जन्मठेप आहे! अपहरण करून खोलीत डांबणाऱ्यांसाठी केलेले कलम रस्त्यावर बसलेल्यांना लावण्यात आले. सहा महिन्यांहून अधिक कैद झाली असती तर मर्फींची डॉलमधील जागाही गेली असती.

पहिला निकाल बालन्यायालयातून आला. घटनेच्या वेळी पंधरा वर्षांचा असलेल्या एका मुलाचा खटला तेथे एकट्या न्यायाधीशांपुढे चालला. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला दोषी ठरविण्यात आले. तुरुंग मात्र दिला नाही, अटींवर सोडले. प्रौढ आरोपींच्या पोटात गोळा उभा राहिला असेल. कायद्याचे म्हणणे सरळ होते: पुढे जाऊ दिले नाही, म्हणजे कोंडले.

२०१७ च्या एप्रिलअखेर डब्लिनच्या फौजदारी न्यायालयात प्रौढांपैकी पहिल्या तुकडीचा खटला ज्यूरीपुढे उभा राहिला. तो नऊएक आठवडे चालला. एका आरोपीला न्यायाधीशांनीच मध्ये मोकळे केले, उरले सहा. पोलिसांच्या साक्षी झाल्या. पण १९१३ आणि २०१४ यांत एक मोठा फरक पडला होता: प्रत्येकाच्या हातात चित्रीकरण करणारा फोन होता. तासन्‌तासांचे चित्रण न्यायालयात दाखविले गेले, आणि काही पोलिसांनी शपथेवर सांगितलेले शब्द त्या चित्रणात सापडेनात. १९१३ चा आयोग पोलिसांच्या सांगण्यावर चालला. त्या दुपारी सज्जाखालच्या प्रत्येकाच्या खिशात असे यंत्र असते तर आयोगाने काय केले असते?

२९ जून २०१७ रोजी ज्यूरीने काही तासांच्या विचारानंतर सहाही जणांना निर्दोष ठरविले. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले ते बाहेर येत नसते आणि आपणही कल्पना लढवू नये. एवढे मात्र खरे, की ती बाके मतदारयादीतून भरली होती, मिळकतीच्या नोंदवहीतून नव्हे. आणि त्यांवर स्त्रियाही बसल्या होत्या. उरलेल्या आरोपींवरील कोंडून ठेवल्याचे आरोप मग सरकारी वकिलांनी सोडून दिले. आपल्या देशात ज्यूरी गेल्याचे दुःख फारसे कोणाला नाही. मुंबईच्या नानावटी खटल्यात तिची जी शोभा झाली त्यानंतर ते स्वाभाविकही आहे. तरीही जॉब्सटाउनचे कागद वाचताना त्या संस्थेविषयी पुन्हा एकदा विचार करावासा वाटतो. न्यायाधीशाला कलम दिसते. वस्तीतून आलेल्या माणसाला कलमही दिसते, आणि दोन तास अडकलेली मोटार म्हणजे जन्मठेपेचा गुन्हा नव्हे हेही दिसते.

तोवर पाणीपट्टीची वासलात लागली होती. सरकारने आधी ती घटविली, २०१६ च्या निवडणुकीनंतर स्थगित केली, आणि २०१७ मध्ये घरगुती पाणीपट्टी रद्द करून भरलेले पैसे लोकांना परत पाठविले. मजूर पक्ष ३७ वरून ७ जागांवर आला. ज्याला हे यश डाव्यांचे म्हणावयाचे असेल त्याने खुशाल म्हणावे. पण मते मोजली की चित्र पालटते. रस्ता ज्यांनी चालविला त्या पक्षांना २०१६ मध्ये सहा जागा मिळाल्या, २०२० मध्ये पाच, २०२४ मध्ये तीन. २०२० मध्ये गरीब वस्त्यांची मते लाटेसारखी गेली ती शिन फेनकडे. लार्किनच्या वेळी झाले तेच: असंतोष एकाने पेटवावा आणि त्यावर भांडे दुसऱ्याने चढवावे.

आणि आता भांडे चढविणारे आणखी निराळे लोक आले आहेत. डब्लिनच्या गोदीला लागून ईस्ट वॉल नावाची जुनी कामगार वस्ती आहे; लार्किनची माणसे या भागातली. २०२२ च्या नोव्हेंबरात तेथील एका रिकाम्या कार्यालयी इमारतीत सरकारने निर्वासितांची सोय केली, तेव्हा रहिवासी आठवडेच्या आठवडे रस्ता अडवून बसले. तक्रारी जुन्याच: घरे नाहीत, दवाखाना नाही, आम्हांला कोणी विचारले नाही. बसण्याची पद्धतही पाण्याच्या लढ्यातलीच. फक्त बोट आता बँकेकडे नव्हते, परक्याकडे होते. आणि कर्णा हाती घेण्यास कडवे उजवे टपून होते. डावे समोरच्या बाजूस निर्वासितांच्या स्वागताचे फलक घेऊन उभे राहिले. कॉनलीच्या वारसांना कामगार वस्तीसमोर फलक धरून उभे राहावे लागावे, याचे उत्तर त्यांच्याकडे आहे असे मला तरी दिसत नाही. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनच्या मध्यभागी मुलांवर चाकूहल्ला झाला आणि त्याच संध्याकाळी, हल्लेखोर परदेशी असल्याच्या वार्तेवर, शहरात दंगल उसळली. बस आणि ट्राम जाळण्यात आल्या, दुकाने फुटली. जेथे लार्किनचा हात उंचावलेला पुतळा उभा आहे त्या ओ’कॉनेल रस्त्यावर पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. त्यानंतर जे पकडले गेले त्यांतल्या बऱ्याच जणांनी न्यायालयात सरळ गुन्हा कबूल केला आणि वर्षावर्षांच्या शिक्षा घेतल्या. त्यांच्यासाठी ज्यूरी बसलीच नाही.